लुत्सिनाबाईंचं छान चाललंय

लुब्लिनमधल्या तीन नंबरच्या वसतिगृहात देशोदेशीची पोरं पोलिश शिकायला येऊन राहत, आणि लुत्सिनाबाई गावलिक त्यांना किल्ल्या देत. कागदोपत्री काम एवढंच. दाराशेजारी काचेची खोली, खोलीत खुर्ची, खुर्चीत बाई, आणि बाईंच्या मागे खिळ्यांना लटकलेल्या दोनशे चौदा किल्ल्या. एकोणीस वर्षं हा देखावा तसाच होता. मधल्या काळात तीन कुलगुरू बदलले, लिफ्ट दोनदा कायमची दुरुस्त झाली, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. किल्ली मागणाऱ्याकडे त्या आधी चष्म्यावरून बघत, मग चष्म्यातून बघत, आणि मगच हात मागे नेत. तेवढ्या वेळात माणसाला आपली सगळी पापं आठवत.

पोलिश शिकवायला विद्यापीठाने एक आख्खी संस्था काढली होती. तिथे डॉक्टरेट झालेल्या सहा बाया आणि एक दाढीवाले गृहस्थ रोज चार तास घसा कोरडा करत. पोरगं ते सगळं शिकून बाहेर पडे, बेकरीत जाई, घाम पुसत, जिभेला पीळ देत कांदा-खसखशीची पोळी मागे, आणि काउंटरमागची मुलगी फाडकन इंग्रजीत विचारी, गरम करून देऊ का? बँकेत तेच, न्हाव्याकडे तेच. आपली भाषा जगात सगळ्यात अवघड आहे आणि ती परक्याला येणं शक्यच नाही, यावर लुब्लिनकरांची देवाखालोखाल श्रद्धा. पाहुण्याने ‘नमस्कार’ म्हटलं की कौतुकाने डोळे भरून आणायचे, आणि त्याने दुसरं वाक्य काढलं की दया येऊन आपण इंग्रजीवर यायचं, ही तिथली रीत. परक्याशी न चुकता पोलिश बोलणारं शहरात एकच माणूस होतं, तेही काही भाषेच्या प्रेमापोटी नव्हे. लुत्सिनाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. शाळेत त्यांना रशियन शिकवलं होतं, आणि ते त्यांनी हट्टाने विसरून दाखवलं होतं.

तेव्हा पोरं झक मारत बाईंशी बोलत. आणि बाई काय बोलत? गुडघा. गुडघा संपला की तळघरातला बॉयलर, बॉयलरनंतर पगार, पगारानंतर नवरा. नवऱ्याचं नाव मीरेक. हा मीरेक पूर्वी ट्रक चालवायचा. आता तो टीव्हीसमोर बसायचा आणि प्रश्नमंजूषेतल्या माणसांना चुकीची उत्तरं सांगायचा. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो, हे त्याला आठ महिने ऐकू येत नव्हतं. बाईंचं म्हणणं, परमेश्वराने त्याला दोन हात दिले ते रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेता यावा म्हणून.

त्याचा परिणाम असा झाला, की संस्थेत तोंडी परीक्षेला बसलेला विद्यार्थी तीन नंबरचा असला तर पहिल्या वाक्यालाच ओळखू येई. परीक्षक बाई प्रेमाने म्हणत, तुमच्या खोलीचं वर्णन करा. आणि टोकियोहून आलेला एकोणीस वर्षांचा पोरगा उसासा टाकून सुरुवात करी, “काही विचारू नका, बाई.” व्याकरण बिनचूक. उच्चार असे की दाढीवाल्या गृहस्थांना स्वतःची सासू आठवे. संस्थेच्या वार्षिक अहवालात या यशाचं श्रेय नव्या अध्यापन पद्धतीला दिलेलं असे.

फेब्रुवारीत ओमाहाहून मेरेडिथ नावाची मुलगी आली. वीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. हसायची फार. बाईंनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिचं नाव शोधलं. तिथे प्रत्येक तारखेला कुठल्या ना कुठल्या नावाचा दिवस असतो, आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाकडे केक खायला जायचं असतं. मेरेडिथ कुठेच नव्हती. म्हणजे हिच्याकडे केक खायला कधी जायचं, हे हिच्या आईबापांनी ठरवलंच नव्हतं. बाईंनी मनात नोंद केली, घर बेजबाबदार आहे.

मग नेहमीची चौकशी झाली. आजी पोलिश होती का? नव्हती. आजोबा? नाही. इथला कोणी मुलगा आवडलाय? नाही. मग ही भाषा शिकायला एवढ्या लांब कशाला तडमडलीस? मेरेडिथ म्हणाली, कॉलेजात एकदा कोणाला तरी ती बोलताना ऐकलं आणि आवडली. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला. आवडली म्हणून! एवढ्याशा कारणासाठी विमानात बसणारं माणूस त्यांनी आजवर बघितलं नव्हतं. त्यांनी तिला किल्ली दिली आणि मागून हळूच, तिला कळू नये अशा बेताने, कपाळावर हात मारला.

पोरगी रोज सकाळी खाली उतरे आणि पुस्तकातला पहिला धडा म्हणून दाखवी. कसं काय, लुत्सिनाबाई? आणि मग उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगे, माझं छान चाललंय, आभारी आहे. चार दिवस बाईंनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. ‘छान चाललंय’ असं म्हणणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाही तर चोर असतो, नाही तर त्याला डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नसतं. शिवाय आपलं छान चाललंय हे एकदा मोठ्याने म्हटलं, की ते ऐकायला टपून बसलेलं कोणी तरी वर असतंच. सभ्य माणसाने आधी श्वास सोडावा. मग ‘चाललंय रडतखडत’ म्हणावं. मग कुठे दुखतं ते सांगावं. समोरच्याने आपलं त्याहून जास्त दुखणारं सांगावं. याला गप्पा म्हणतात.

“पण मला कुठे काही दुखतच नाही,” मेरेडिथ म्हणाली.

“दुखेल,” बाईंनी धीर दिला.

मे महिन्यापर्यंत पोरगी तयार झाली. उसासा असा टाकी की दाराजवळचे लोक वळून बघत. शिक्षकांच्या, पावसाच्या, वरच्या मजल्यावरच्या नळाच्या तक्रारी ती अशा काही सफाईने करी, की भाजी मंडईतल्या म्हाताऱ्या तिला रांगेत पुढे घेऊ लागल्या. तिच्याशी इंग्रजीत बोलायचं कोणाला सुचेना. रडगाणं परक्या भाषेत कोण गातं?

आणि त्याच मे महिन्यात वरून फर्मान आलं.

वसतिगृहाच्या व्यवस्थापक किंगाबाई दुजाक या चौतिसाव्या वर्षीच व्यवस्थापक झाल्या होत्या आणि ते त्या विसरत नसत, दुसऱ्यालाही विसरू देत नसत. आपलं विद्यापीठ आंतरराष्ट्रीय होत आहे, असं त्यांनी सर्वांना बोलावून सांगितलं. यापुढे दारावर बसणाऱ्याला इंग्रजी यायला हवं. ऑक्टोबरअखेर परीक्षा. नापास होईल त्याचं विद्यापीठ मनापासून आभारी राहील आणि त्याला निरोप देईल. पोलिश शिकायला आलेल्या पोरांशी पोलिश बोलता येणं ही नोकरीतली उणीव कशी काय ठरते, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही, कारण तो मनात आणण्याचा पगार कोणालाच मिळत नव्हता. काचेची खोली काढून तिथे कार्ड दाखवलं की उघडणारं दार बसवायचं, असा नकाशा किंगाबाईंच्या कपाटात तयार असल्याचं लिफ्टवाल्याने सांगितलं.

लुत्सिनाबाईंनी घरी जाऊन कॅलेंडर उतरवलं. पोलंडात बाईमाणूस साठाव्या वर्षी निवृत्त होतं, आणि निवृत्तीला चार वर्षं उरली की कायद्याने त्याला नोकरीवरून काढता येत नाही. मग तुम्ही इंग्रजी बोला, चिनी बोला, नाही तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसा, खुर्ची तुमची. बाई नऊ नोव्हेंबरला छप्पन्न वर्षांच्या होणार होत्या. परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी. मध्ये तेरा दिवस. किंगाबाईंना हिशेब चांगला येत होता. मीरेकचं पेन्शन औषधांनाही पुरत नव्हतं, आणि पंचावन्नाव्या वर्षी हाकलून दिलेल्या किल्लीवाल्या बाईला दुसरीकडे कोण विचारतं? तेरा दिवसांनी तिला कोणी हात लावू शकत नव्हतं, आणि तेरा दिवस आधी तिचा कोणी वाली नव्हता.

परीक्षा मात्र फार अवघड नव्हती. किंगाबाईंचं स्वतःचं इंग्रजी म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशातली गत. त्यांनी कुठल्याशा पत्रकावरून दहा प्रश्न उतरवले होते, त्यांची दहा उत्तरंही उतरवली होती, आणि दोन्ही छापून सगळ्यांना वाटली होती. उत्तर छापल्याप्रमाणे आलं की बरोबर. वेगळं आलं की चूक, कारण वेगळं उत्तर कळणार कोणाला? पहिला प्रश्न, हाऊ आर यू. उत्तर, फाइन, थँक यू. सातवा प्रश्न होता, तुमचे पती काय करत आहेत, आणि उत्तर, माझे पती टीव्ही बघत आहेत. बाईंच्या सुट्टीच्या दिवशी दारावर बसणारे निवृत्त हवालदार झेनोनराव यांनी सातव्या प्रश्नापर्यंत वाचलं, कागदाची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

मेरेडिथने बाईंना शिकवायचं कबूल केलं. फी काही नको, फक्त बाईंनी पोलिश बोलणं थांबवायचं नाही. रोज संध्याकाळी पाऊण तास काचेच्या खोलीच्या खिडकीशी शाळा भरे. पोरगी बाहेर उभी, बाई आत, कारण विद्यार्थ्याने आत पाऊल टाकायचं नाही हा बाईंचा नियम होता आणि गुरू झाली म्हणून पोरगी विद्यार्थी असायची थांबली नव्हती. नऊ उत्तरं बाईंनी तीन आठवड्यांत पाठ केली. अडलं ते पहिल्या उत्तरापाशी.

मी फाइन आहे हे मी म्हणणार नाही, बाई म्हणाल्या. गुडघा सुजलाय, बॉयलर बंद आहे आणि किंगाबाई जिवंत आहे. यात फाइन काय आहे? मेरेडिथने सांगितलं की तो खरा प्रश्नच नाही, कोणी उत्तर ऐकत नाही, नुसतं म्हणायचं असतं. हे ऐकून बाईंना धक्काच बसला. म्हणजे तुमच्याकडे आख्खा देश रोज सकाळी एकमेकांना कसे आहात विचारतो आणि कोणालाच ते जाणून घ्यायचं नसतं? मेरेडिथने जरा विचार केला आणि म्हणाली, हो, तसंच आहे. बाईंनी खिडकीतून हात घालून तिचा गाल थोपटला. एवढ्या लांब का आलीस ते आता कळलं, म्हणाल्या.

शेवटी तडजोड झाली. परीक्षेत फाइन म्हणायचं, पण त्याच्या बदल्यात मेरेडिथने त्यांना इंग्रजीत खरं बोलायलाही शिकवायचं. म्हणजे गुडघा, सूज, पगार, लाज, आणि ठिबकणाऱ्या नळाकडे दुर्लक्ष करणारा नवरा. सप्टेंबरअखेर बाई ते इतकं छान म्हणू लागल्या की मेरेडिथला नेब्रास्कातली मावशी आठवली. त्या ज्ञानाचा परीक्षेत उपयोग शून्य होता. छापलेल्या कागदाबाहेरचं इंग्रजी येणं हा त्या परीक्षेत गुन्हाच होता.

ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार उजाडला. मेरेडिथ सात वाजताच खाली आली. तिलाही आज काम होतं. किंगाबाईंनी तिला परीक्षा समितीवर घेतलं होतं, इंग्रजी जन्मापासून बोलणारी तज्ज्ञ म्हणून, मानधन एक कप कॉफी. तिने उसासा टाकून विचारलं, कसं चाललंय, लुत्सिनाबाई? आणि गुडघ्यापासून सुरू होणाऱ्या वीस मिनिटांची वाट बघत खिडकीवर कोपर टेकवले.

बाई म्हणाल्या, “मीरेक इस्पितळात आहे.”

पुढे काही नाही. मेरेडिथने वाट बघितली, पण पुढे खरंच काही आलं नाही. मग तिनेच एकेक विचारून काढलं. काल दुपारी जेवताना, रविवारचं कोंबडीचं सूप पुढ्यात असताना, चमचा हातातून गळाला आणि तोंड एका बाजूला गेलं. डोक्यात रक्ताची गाठ. अँब्युलन्स लवकर आली. सकाळपर्यंत शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणतात, दुपारी कळेल. आठ महिने बाईंनी मीरेकवर दिवसाला अर्धा तास खर्च केला होता, आणि आज त्याच्या वाट्याला मोजून पाच वाक्यं आली होती, तीही ओढून काढलेली. गप्पांचे नियम इथे लागू होत नाहीत एवढं पोरगीला कळलं.

घरी जा, परीक्षा राहू दे, असं ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. गैरहजर म्हणजे नापास. हा उद्या लुळा होऊन घरी आला तर त्याला खायला काय घालू?

अकरा वाजता वसतिगृहाच्या टेबलटेनिसच्या खोलीत समिती बसली. मधोमध किंगाबाई. उजवीकडे विद्यापीठाचे उपव्यवस्थापक, डॉक्टर-इंजिनिअर वाल्देमार ओसुख, ज्यांना नुसतं डॉक्टर म्हटलेलं चालत नसे आणि नुसतं इंजिनिअर म्हटलेलंही. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, त्यामुळे ते प्रत्येक गोष्टीला गंभीरपणे मान डोलवत होते. डावीकडे मेरेडिथ, समोर उत्तरांचा कागद आणि बरोबर-चूक करायची पेन्सिल. बाई दारावरचा निळा कोट घालून, हात मांडीवर ठेवून बसल्या. किंगाबाईंनी कागद नीट धरला आणि एकेक शब्द सुटा सुटा करून पहिला प्रश्न वाचला. तुम्ही कशा आहात?

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टर-इंजिनिअरांनी मान डोलवली. एकोणीस वर्षांत हा प्रश्न लुत्सिनाबाईंना वरच्या माणसाने पहिल्यांदाच विचारला होता. खरं उत्तर त्यांना आता इंग्रजीतही येत होतं. इस्पितळ, पती, भीती, सगळे शब्द पोरगीने शिकवले होते, ते ओठांवर आले होते. किंगाबाईंचं बोट उत्तराच्या ओळीवर होतं.

“फाइन,” लुत्सिनाबाई म्हणाल्या. “थँक यू.”

मेरेडिथने बरोबरची खूण केली. पेन्सिलीचं टोक मोडलं. पुढचे पाच प्रश्न किल्ल्यांचे आणि मजल्यांचे होते, ते सरसर गेले. मग सातवा. पती काय करत आहेत? बाई खिडकीकडे बघत होत्या. माझे पती टीव्ही बघत आहेत, त्यांनी सांगितलं, एकही शब्द न चुकवता. हे वाक्य या बाईच्या तोंडून पोलिशमध्ये मेरेडिथने दोनशे वेळा तरी ऐकलं असेल, आणि दर वेळी त्यात एक शिवी असे. आज शिवी नव्हती. तिने मोडक्या पेन्सिलीने खूण केली आणि नाक पुसायला मान खाली घातली.

दहापैकी दहा. ठराव तीन प्रतींत झाला, तिन्हींवर गोल शिक्का बसला. डॉक्टर-इंजिनिअरांनी बाईंचा हात हातात घेऊन ओठांजवळ नेला. किंगाबाई हरल्या, पण पराभव पचवण्याचं शिक्षण त्यांनी घेतलेलं होतं, त्यामुळे वर कौतुकही केलं, पाहा, जरा हसतमुख राहिलं की कसं युरोपातल्यासारखं वाटतं! मग समिती जेवायला गेली.

आता खरी पंचाईत. दुपारी इस्पितळात जायला हवं होतं आणि खुर्ची सोडायची कशी? झेनोनराव गेल्यापासून बदली माणूस नव्हता. रजा मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि तासाभरापूर्वी शिक्क्यानिशी नोंद झाली होती की पती टीव्ही बघत आहेत. न सांगता जायचं तर कामाची जागा सोडल्याबद्दल जागच्या जागी घरी पाठवता येतं, मग तेरा दिवस काय आणि तेरा वर्षं काय. किंगाबाई रोज चार वाजता आतल्या फोनवरून वाजवून बघत, बाई जागेवर आहेत का.

दार उघडून मेरेडिथ काचेच्या खोलीत शिरली, बाईंच्या खांद्यावरून निळा कोट काढून स्वतः चढवला आणि खुर्चीत बसली. बाईंनी नियमाची आठवण करून द्यायला तोंड उघडलं. मग पिशवी उचलली. पिशवीत मीरेकचा कप, चमचा आणि सपाता होत्या, कारण या वस्तू इस्पितळाकडून मिळत नाहीत. आणि त्या निघाल्या.

इस्पितळात चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर मीरेक पडला होता. नाकात नळी, उजवा हात दुसऱ्याचाच असल्यासारखा बाजूला. बाई खुर्ची ओढून बसल्या. त्याला म्हणाल्या, मी पास झाले. म्हणाल्या, नळाचं राहू दे, मी माणूस बोलावते. त्याने काही केलं नाही. मग एक बाई ताट ठेवून गेली, आणि जरा वेळाने मीरेकने एक डोळा उघडला. डोळा ताटाकडे गेला, बायकोकडे आला, पुन्हा ताटाकडे गेला. वाकड्या तोंडातून, फार कष्टाने, दोन शब्द निघाले.

“सूप गार.”

लुत्सिनाबाई त्या खाटेच्या लोखंडी कठड्यावर डोकं टेकवून रडल्या, आणि त्यांना त्याची मुळीच लाज वाटली नाही. डॉक्टरांनी नंतर पंधरा मिनिटं पुष्कळ समजावून सांगितलं, ते त्यांनी ऐकल्यासारखं केलं. त्यांना जे कळायचं ते कळलं होतं. तक्रार करणारा माणूस मरत नाही.

ट्रॉलीबस गर्दीत अडकली. वसतिगृहाशी पोचल्या तेव्हा चारला पाच मिनिटं होऊन गेली होती. दार ढकललं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. काचेच्या खोलीत फोन चालू होता, आणि त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला.

“काय चालायचं, मॅडम, रडतखडत. गुडघा हा असा झालाय, पावासारखा. बॉयलरवाला येतो म्हणाला, आलाय का? नाही. वर दुसऱ्या मजल्यावर कोणी तरी सायकल घेऊन चढलं, मी काय पायाने पळू मागे? पगार किती, धावायचं किती?” मधे उसासा आला. बाईंनी एकोणीस वर्षांत इतका चांगला उसासा टाकला नव्हता. “नवरा? तो काय करणार? बसलाय टीव्हीसमोर, नळ ठिबकतोय. परमेश्वराने दोन हात दिलेत, मॅडम, एकातून दुसऱ्यात रिमोट घ्यायला.”

जुना खरखरता फोन, पलीकडे किंगाबाई. त्यांना शंका आली का? कशी येणार? जगातली सगळ्यात अवघड भाषा, आणि त्यातही हे रडगाणं. परक्या माणसाला ते येतं असं लुब्लिनमध्ये कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी किंगाबाईंनी मानलं नसतं. त्यांना फक्त एक गोष्ट खटकली, आणि ती त्यांनी इतक्या मोठ्याने विचारली की दाराशी उभ्या बाईंनाही ऐकू आली. सकाळी तर तुम्ही सगळं फाइन आहे म्हणालात!

मेरेडिथचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. पण आवाज जराही हलला नाही.

“ते इंग्रजीत होतं, मॅडम.”

मग किंगाबाई कंटाळून म्हणाल्या, बरं बरं, आणि फोन ठेवला. मेरेडिथने वर बघितलं. काचेपलीकडे लुत्सिनाबाई उभ्या होत्या, डोळे सुजलेले, हातात रिकामी पिशवी. पोरगी धडपडत उठली, कोट काढायला लागली, आणि विचारायचं धाडस होईना म्हणून नुसतीच बघत राहिली.

बाई आत आल्या, कोट घेतला, खुर्चीत बसल्या. किल्ल्यांवरून एक नजर फिरवली. सगळ्या जागेवर होत्या.

“गुडघा बरा सांगितलास,” त्या म्हणाल्या. “पायाच्या शिरांचं विसरलीस.” मग त्यांनी एक लांब उसासा टाकला, पायाने स्टूल पुढे सरकवलं, पोरगीला बसायला सांगितलं, आणि इस्पितळातलं सूप, चादरी, लिफ्ट, तो पोरसवदा डॉक्टर आणि मीरेकचा हावरटपणा, असं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.